मृतदेहातील साखर आणि तिची साक्ष

१/ मे १९५७. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे एलिझाबेथ बार्लो ही तरुण विवाहिता न्हाणीघरातील टबात मृतावस्थेत आढळली. ती बुडाली, असे पती केनेथ याचे म्हणणे होते. तो व्यवसायाने परिचारक होता.

२/ मृतदेहाच्या डोळ्यांतील बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. भिंगाने तपासता नितंबांवर सुईच्या सूक्ष्म खुणा सापडल्या आणि संशय इन्सुलिनवर गेला. इन्सुलिनने रक्तातील साखर घटते. परंतु हृदयातील रक्तात ती नेहमीपेक्षा अधिक निघाली. पुरावाच संशयाच्या विरुद्ध गेला.

३/ या कोड्याचे उत्तर शतकभर जुने होते. १८५५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने कुत्र्याचे यकृत काढून, साखर नाहीशी होईपर्यंत ते पाण्याने धुतले. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात पुन्हा साखर आढळली! प्राण गेल्यावरही यकृतातील ग्लायकोजेनची साखर होत राहते, आणि ती हृदयाच्या उजव्या बाजूच्या रक्तात उतरू शकते.

४/ म्हणून तपासकांनी साखर सोडून थेट इन्सुलिनचा शोध घेतला. खुणांभोवतीच्या ऊतींचा अर्क उंदरांना टोचला असता त्याचा परिणाम इन्सुलिनसारखाच झाला. डिसेंबर १९५७ मध्ये केनेथ बार्लोला जन्मठेप झाली.

५/ व्यापक अडचण मात्र कायम राहिली. मृत्यूनंतर हृदयाकडील रक्तात साखर वाढू शकते, तर अन्यत्र पेशी ती वापरून टाकतात. डोळ्यातील पारदर्शक द्रव तुलनेने सुरक्षित. पण तेथेही साखर घटत जाते. त्यामुळे तेथे फार जास्त साखर आढळली तर ती अर्थपूर्ण ठरते. कमी आढळली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

६/ दरम्यान, १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर हे हिमोग्लोबिनच्या वेगळ्या प्रकारांचा शोध घेत होते. मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक असाधारण घटक दिसला. तोच आज एचबीए१सी म्हणून ओळखला जातो. १९७६ साली रोनाल्ड केनिग, अँथनी सेरामी आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या नियंत्रणाशी त्याचा संबंध दाखवून दिला.

७/ रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि तांबड्या पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यभर तेथेच राहते. म्हणून हे प्रमाण मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ही खूण मृत्यूनंतर साध्या साखरेसारखी झपाट्याने बदलत नाही. म्हणूनच न्यायवैद्यकाला ती उपयोगी ठरली.

८/ घरात एकट्याने मृत्यू आलेल्या, मधुमेहाची नोंद नसलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. एचबीए१सी वाढलेले, डोळ्यातील द्रवात साखर खूप आणि रक्तात कीटोनचे प्रमाण जास्त. हे तिन्ही जुळले, तर निदान न झालेल्या मधुमेहाने मृत्यू ओढवल्याचा निष्कर्ष काढता येतो. अकारण संशय टळतो आणि मृत्यूचे खरे कारण आप्तांना कळते.

९/ मर्यादाही आहेत. अलीकडे रक्त चढवले असेल किंवा तांबड्या पेशी अकाली नष्ट होणारा आजार असेल, तर आकडा फसवा ठरतो. शिवाय एचबीए१सी सांगते ते महिन्यांचे वृत्त, अखेरच्या रात्रीचे नव्हे. ही चाचणी १९५७ साली उपलब्ध असती, तरी बार्लो प्रकरण तिने सुटले नसते. तेथे सुईच्या खुणाच शोधाव्या लागल्या असत्या.