तक्रारीचा कागद

पिपरी मेघे वर्ध्याला इतके खेटून आहे की शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय, सावंगी मेघेचे अभिमत विद्यापीठ, टेकडीवरचे हिंदी विश्वविद्यालय, सारे जवळपासच. लांबलांबच्या गावांतून मुली इकडे शिकायला येतात, तिघी-चौघी मिळून रूम करतात, मेसचा डबा लावतात. घरच्यांनी त्यांना संस्थेच्या भरवशावर धाडलेले असते. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, तर तो भरवसा कामाला येतो का, हे पुढच्या पानांत पाहायचे आहे. विषय जड आहे, तरी वाचकांनी तो बाजूला ठेवू नये. वर्धा जिल्ह्याने या बाबतीत देशाला काही दिलेले आहे.

सुरुवात सेवाग्रामपासून करू. तेथील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी एक साधी वाटणारी गोष्ट बारकाईने तपासली: अत्याचारित स्त्रीची तपासणी करताना डॉक्टर कागदावर नेमके काय लिहितात? हाती आले ते अस्वस्थ करणारे होते. जखमांच्या नोंदी अपुऱ्या आणि पूर्वीच्या शरीरसंबंधांविषयीचे शेरे मात्र ठळक. स्त्रीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांचा अंदाज बांधण्यासाठी केली जाणारी 'दोन बोटांची चाचणी' तर सर्रास. 2010 मध्ये त्यांचा अहवाल जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला. 2019 मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणे' हा भाग अभ्यासक्रमातून काढला, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चाचणी करणे हे गैरवर्तन ठरवले. वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती हद्दपार करण्यास सांगितले. वर्गात शिकवलेले पुढे तपासणीच्या खोलीत उतरते, हे सेवाग्रामने दाखवून दिले. आम्हा वर्धेकरांना याचा अभिमान वाटतो.

आता कायद्याकडे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल आणि त्याच विषयावरचा 2013 चा कायदा हे दोन टप्पे तुम्ही ऐकले असतील. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक जवळचे आहेत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम. त्यांत विद्यार्थिनी तर येतेच, शिवाय मुलगा किंवा तृतीयपंथी विद्यार्थीही तक्रार करू शकतो. संस्थेत तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्ष वरिष्ठ स्त्री प्राध्यापक असाव्यात, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असल्यास निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसावेत. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत, ती वाढवण्याची सोय. चौकशी 90 दिवसांत. तक्रारदाराला लिहिणे जमत नसेल, तर लिहून घेण्यास मदत करणे समितीचे काम आहे. पोलिसांकडे जायचे असेल, तर संस्थेने सोबत करायची आहे.

मला यातले सर्वांत शहाणे वाटते ते एक छोटे कलम. चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचे पेपर तपासण्यापासून, तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. इंटर्नलचे गुण, प्रबंधावरची सही यांच्या धाकाने किती तोंडे बंद राहतात, हे ज्याने शिकवले आहे त्याला सांगावे लागत नाही. ज्याने हे कलम लिहिले, त्याला वर्ग ठाऊक होता.

मात्र प्रश्न संस्थेच्या फाटकाशी थांबत नाही. 3 फेब्रुवारी 2020 च्या सकाळी याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, महाविद्यालयात निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवले गेले. 10 फेब्रुवारीला नागपुरात तिने प्राण सोडला; दोन वर्षांनी त्याच तारखेला आरोपीला जन्मठेप झाली. बातम्यांत 'एकतर्फी प्रेम' हा शब्द वारंवार आला. तो शब्द वाचकांनी टाकून द्यावा. तो पाठलाग होता, आणि पाठलाग हा गुन्हा आहे. आयोगाचे विनियमही बाहेरच्या व्यक्तीकडून होणारा त्रास आणि संस्थेने पुरवलेल्या वाहनातला प्रवास विचारात घेतात, ते प्रश्न फाटकाबाहेरही जातो म्हणूनच.

नवीन वाचकाने जाडजूड निकालपत्रापासून सुरुवात करू नये. आधी आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरचा समितीचा फलक वाचा. त्यावरच्या बाई निवृत्त झाल्या आहेत का? दिलेला नंबर लागतो का? संस्थेबाहेरच्या सदस्याचे नाव आहे का? मग विनियम वाचा, त्यानंतर 2013 चा कायदा, आणि शेवटी विशाखा. मधे एखाद्या संध्याकाळी वसतिगृहातल्या मुलींसोबत त्यांच्या नेहमीच्या वाटेने बसथांब्यापर्यंत चालत जा. त्यांना पुढे चालू द्या. कुठे त्यांची पावले भराभर पडू लागतात, ते वहीत टिपून घ्या.