दूरच्या गड्याचा डाव

हैदराबादेतील अफझलगंज हे नाव पाचवे निजाम अफझल-उद्-दौला (राज्यकाल १८५७ ते १८६९) यांच्यावरून पडले. मुसा नदीच्या या उत्तर तीरावर आज स्टेट सेंट्रल लायब्ररीची भव्य वास्तू उभी आहे. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ साली या वास्तूत आले. तेथून जवळच, कोटीला, जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे. अफझलगंजाचे नाव पडण्यापूर्वी काही दशके या नगरीने एका विलक्षण सामन्यात भाग घेतला होता. त्याचे स्मरण करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. आजचे तरुण दूरदेशीच्या मित्रांशी जे खेळ मांडतात, त्यांचे एक मूळ येथवर पोहोचते असे आम्हांस वाटते.

१८२८ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांमध्ये पत्राद्वारे बुद्धिबळाचे दोन डाव झाले. त्या वेळी रेल्वे नव्हती, तारायंत्र नव्हते. सहाशे किलोमीटरांचे अंतर तोडून टपाल यावयाचे, त्यातून एक खेळी कळावयाची आणि तिचे उत्तर त्याच वाटेने परत जावयाचे. सामना मद्रासने जिंकला. मद्रासचे डाव मुख्यतः गुलाम कासिम यांच्या धोरणाने चालले होते. त्यांनी जेम्स कॉक्रेन या सनदी अधिकाऱ्यासह हे डाव टीपांसहित १८२९ साली मद्रासेत छापून प्रसिद्ध केले.

असा खेळ मांडावयाचा तर पहिली अडचण नियमांची. आपल्याकडील बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई आणि राजास एकदा घोड्याची चाल मिळे. यूरोपीय पद्धतीत प्याद्यास आरंभी दोन घरांची मुभा होती. समोरासमोर बसलेले गडी असे मतभेद बोलून मिटवितात. पत्राने खेळणाऱ्यास मात्र सारे आधी ठरवावे लागते. या दोन पद्धतींची गाठ घालण्याचा उद्योग महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे यूरोपीय रीतीस जुळवून घेतलेले बुद्धिबळावरील निबंध संस्कृतातून भाषांतरित होऊन १८१४ साली मुंबईत छापले गेले होते.

दुसरी अडचण शब्दपालनाची. लंडन आणि एडिंबरो यांचा पत्रसामना १८२४ ते १८२८ असा चार वर्षे चालला. वेळ वाचावा म्हणून लंडनकरांनी एकदा पुढच्या खेळ्याही आगाऊ कळविल्या आणि नंतर त्यांतील एक परत घेऊ पाहिली. एडिंबरोकरांनी त्यास नकार दिला आणि सामनाही जिंकला. पटावरून बोट उचलेपर्यंत विचार बदलता येतो. टपालात पडलेले पत्र मात्र बदलता येत नाही, हा दंडक अशा प्रसंगांतूनच दृढ झाला.

तिसरी अडचण पंचाची. १८२४ सालीच प्रशियातील राइसविट्स या अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यात गडी लेखी हुकूम देत आणि त्यांचा परिणाम पंच सांगे. सेनापतीस रणांगणावर जितके दिसेल तितकेच गड्यास कळे. १९५९ साली अमेरिकेत निघालेला 'डिप्लोमसी' हा खेळ १९६३ पासून टपालाने खेळला जाऊ लागला. त्यात फासे नाहीत. सर्वांचे हुकूम पंचाकडे जातात आणि ठरलेल्या दिवशी एकदम उघडले जातात. टपालास हा खेळ इतका मानवला, तो यामुळेच.

युद्धखेळांच्याच कुळात १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अवतरला. यात प्रत्येक गडी एक पात्र होतो आणि एक जण सूत्रधाराप्रमाणे कथा पुढे नेतो. हा खेळ मूळचा एका मेजाभोवतीचा. २०२० च्या टाळेबंदीत मेजे ओस पडली आणि तो पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर गेला. आता अफझलगंजातील एखादा तरुण मडगावच्या आणि टोरांटोच्या मित्रांसह एकाच कथेत वावरू शकतो. परगावी पडलेला फासा खरा कसा मानावा, या प्रश्नावर सर्वांना दिसेल असा यंत्राचा फासा हा तोडगा निघाला आहे. घड्याळाचा प्रश्न मात्र उरतोच. हैदराबादेत रात्र चढत असता टोरांटोत सकाळ असते, आणि कोणा एकाच्या कामाच्या वेळेवर सर्वांचा खेळ अडतो. म्हणून सूत्रधाराने कथेआधी वार आणि वेळ पक्की करावी, कोणी न आल्यास त्याच्या पात्राचे काय करावयाचे तेही आधीच ठरवावे. असले खेळ बहुधा पराभवाने संपत नाहीत. एक बैठक हुकते, मग दुसरी, आणि एके दिवशी कोणी विचारीनासे होते.

आमची मराठी-कोंकणी कुटुंबे आज देशोदेशी पांगली आहेत. बालपणीच्या सोबत्यांना आठवड्यातून दोन तास एकत्र आणणारी गोष्ट क्षुल्लक मानू नये. तिच्या सूत्रधारांना आमची एकच विनंती आहे: प्रत्येक बैठकीची टिपणे ठेवावीत. १८२९ च्या त्या ग्रंथाच्या शीर्षकात मद्रासच्या गुलाम कासिमांचे नाव आहे. हैदराबादकडून कोण खेळले ते त्यात नाही. महिनोन्‌महिने पत्राची वाट पाहणाऱ्या त्या गड्यांचाही तो डाव होता. त्यांच्यापैकी कोणी एक वही लिहून ठेवली असती, तर या नगरीच्या इतिहासात आणखी चार नावे जमा झाली असती.