कोअरओएस : रिकामी होत गेलेली ऑपरेटिंग सिस्टीम (थ्रेड)

१/ २६ मे २०२० रोजी कोअरओएस कंटेनर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार अधिकृतपणे थांबला. सुरक्षेच्या त्रुटी बुजवणाऱ्या सुधारणा आता येणार नव्हत्या. ज्यांचे सर्व्हर तिच्यावर चालत होते, त्यांना दुसरे घर शोधणे भाग होते. अवघ्या सात वर्षांत ती जन्मली, गाजली, विकली गेली आणि मावळली.

२/ तिची मुळे १९७९ मधील युनिक्सपर्यंत जातात. 'सीएचरूट' या सोयीने एखाद्या प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डर हेच संपूर्ण जग असल्याचे भासवता येऊ लागले. २००० मध्ये फ्रीबीएसडीने 'जेल' आणले. २००८ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये गूगलच्या अभियंत्यांनी घडवलेले 'सीग्रुप्स' आले आणि प्रत्येकाच्या वाट्याची मेमरी व प्रोसेसर मर्यादित करता येऊ लागला.

३/ व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला, तर कंटेनर म्हणजे चाळीतील खोली. संसार वेगळा, दार वेगळे. पाया मात्र सर्वांचा एकच. तो पाया म्हणजे कर्नल. म्हणूनच कंटेनर हलका असतो आणि क्षणात सुरू होतो.

४/ मार्च २०१३. सांता क्लारा येथील पायकॉन परिषदेत डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी एका छोट्या भाषणात 'डॉकर' जगासमोर मांडले. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी सारी सामग्री एकाच गाठोड्यात बांधायची व ते कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर सोडायचे, ही त्यातील मुख्य कल्पना.

५/ त्याच वर्षी अ‍ॅलेक्स पोल्वी, ब्रँडन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी कोअरओएस आणली. त्यांचा प्रश्न साधा होता : प्रोग्रॅम आपली शिदोरी स्वतःच आणत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमने कोठार का सांभाळावे? त्यांनी पॅकेज मॅनेजरच काढून टाकला. उरले ते कर्नल, सिस्टीमडी, डॉकर आणि थोडी आवश्यक साधने.

६/ सर्व्हर उभारण्याची रीतही पालटली. पूर्वी व्यवस्थापक लॉगिन करून एकेक आज्ञा देत असे. कालांतराने कोणत्या सर्व्हरवर काय बदलले, हे त्यालाही आठवत नसे. येथे सारी मांडणी एका फाइलमध्ये आधीच लिहिली जाई आणि सर्व्हर प्रथम सुरू होताना ती वाचून स्वतःला घडवी. मूळ प्रणालीचे दोन विभाग असत. अपडेट निष्क्रिय विभागावर उतरे. ते बिघडले, तर जुन्या विभागाकडे परतता येई. ही युक्ती क्रोमओएसकडून आलेली होती.

७/ मैत्री फार टिकली नाही. डॉकरचा पसारा वाढतो आहे आणि त्याची रचना सुरक्षित नाही, असा आक्षेप घेत कोअरओएसने डिसेंबर २०१४ मध्ये 'रॉकेट' हा पर्याय जाहीर केला. या चढाओढीतून एक हिताची गोष्ट घडली. जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली कंटेनरचे खुले मानक ठरवणारा उपक्रम सुरू झाला. दोन्ही कंपन्या त्यात होत्या.

८/ जानेवारी २०१८ मध्ये रेड हॅटने २५ कोटी डॉलरना कोअरओएस विकत घेतली. उत्तराधिकारी म्हणून फेडोरा कोअरओएस आली. पण चालू सर्व्हर थेट तिच्यावर नेण्याची सोय नव्हती. सर्व्हर नव्याने उभारावे लागणार होते आणि मांडणीची फाइलही नव्या स्वरूपात लिहावी लागणार होती.

९/ मात्र मूळ कोड खुला होता. बर्लिनच्या किनव्होक कंपनीने २०१८ मध्येच त्यावरून 'फ्लॅटकार' सुरू केली होती. फ्लॅटकार म्हणजे कंटेनर वाहून नेणारी रेल्वेची सपाट वाघीण. जुने सर्व्हर केवळ अपडेटद्वारे तिच्यावर नेता येत होते. २०२१ मध्ये किनव्होक मायक्रोसॉफ्टकडे गेली. २०२४ मध्ये फ्लॅटकार क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये दाखल झाली.

१०/ कोअरओएसने घडवलेला 'एट्सीडी' हा डेटाबेस आजही कुबरनेटिसची स्मृती सांभाळतो. कंपनी विकली गेली, मूळ प्रणाली बंद पडली. जे खुले ठेवले होते, ते मात्र विक्रीनंतरही लोकांच्या हाती राहिले.