सभेंत वाचलें, पुढें काय झालें?

डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, आणि प्राचीन शिलालेखांचे गाढे अभ्यासक. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें त्यांनीं वाचलेले निबंध तिच्या नियतकालिकांत छापले गेले. १८८८ सालीं ते पुस्तकरूपानेंही निघाले. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त, हें त्यांचें मत पुढील पंडितांनीं खोडून काढलें. तें छापलेलें होतें, म्हणूनच खोडतां आलें.

परंतु याच भाऊंनीं कुष्ठरोगावर जें औषध योजलें होतें, त्याची हकीकत वेगळी. कडू कवठीच्या बियांवर त्यांचा भर होता असें सांगतात. गुण येतो अशी ख्याति पसरली. पण कृति व अनुभव छापून प्रसिद्ध होण्यापूर्वींच १८७४ सालीं भाऊ निवर्तले. कालिदासाविषयींचा त्यांचा तर्क आज कोणालाही वाचतां येतो. रोग्यांविषयींचा अनुभव मात्र त्यांच्याबरोबरच गेला.

हें जुन्या काळचें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. पुण्यांतील डॉक्टरांच्या घरांत वैद्यकीय परिषदांचें अप्रूप राहिलेलें नाहीं. दहा मिनिटांचें भाषण, पडद्यावर आकृत्या, स्मरणिकेंत पंधरा-वीस ओळींचा गोषवारा, आणि मग भोजन! त्या गोषवाऱ्याचा पुढें पूर्ण लेख होतो काय? कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनीं २०१८ सालीं जगभरचे ४२५ अहवाल एकत्र करून तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा हिशेब मांडला. शंभरांपैकीं सुमारें ३७ च पूर्ण लेखाच्या रूपानें छापले गेले होते. रोग्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें पाडून केलेल्या प्रयोगांतही हें प्रमाण साठाच्याच आसपास.

दोष संपादकांचा, असें म्हणण्याची आपली संवय आहे. संशोधकांना विचारलें असतां बहुधा उत्तर येतें, वेळ मिळाला नाहीं. याहून घातक गोष्ट अशी कीं, अनुकूल निष्कर्षाचे लेख अधिक छापले जातात. औषध निरुपयोगी ठरल्याची वार्ता सभागृहांतच विरते, आणि दुसऱ्या गांवचा डॉक्टर तेंच औषध विश्वासानें देत राहतो.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजांतून एम. डी. होऊन कोकणांतच परतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं मात्र वेळ काढला. महाडकडे लाल विंचवाच्या दंशानें माणसें दगावत. रोग्याच्या उशाशीं बसून टिपलेलीं हृदयविकाराचीं लक्षणें त्यांनीं १९८२ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्यें छापलीं, आणि प्राझोसिनचा उपाय १९८६ सालीं तेथेंच. पुढें महाडलाच ७० रोग्यांवर प्रयोग करून, नुसत्या प्राझोसिनपेक्षां प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी लौकर बरा होतो, हेंही त्यांनीं २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केलें. जोड दिलेल्या ३५ पैकीं ३२ रोगी दहा तासांत बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनवरील ३५ पैकीं ८.