रूपाची तारीफ आणि खोडलेला चेहरा

जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत एक वाक्य हटकून येतं. 'त्या जितक्या कर्तबगार होत्या, तितक्याच देखण्याही होत्या.' भाषण राणीवर असो, लेखिकेवर असो की डॉक्टरीणबाईंवर, हे वाक्य ठरलेलं. गोपाळ कृष्ण गोखले किंवा मौलाना आझाद यांच्यावर बोलताना मात्र ते कुणाला सुचत नाही. यावर हरकत घेतली की लोक म्हणतात, 'अहो, चांगलंच तर म्हटलंय! सुंदर बाईला सुंदर म्हणणं हा काय गुन्हा आहे?' दुसऱ्या बाजूला काहीजण इतके सावध झालेत की बाईच्या दिसण्याबद्दल एक शब्द काढला तरी त्यांना तो अपमान वाटतो. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. हा प्रश्न नवा नाही. आपल्याच मातीत, दख्खनेत, त्याचा साडेचारशे वर्षं जुना दाखला आहे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी हस्तलिखित आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीनं अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाच्या गौरवासाठी रचलेलं हे काव्य. जानेवारी 1565 मध्ये दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरचा पराभव केला. त्या लढाईचं वर्णन हा या काव्याचा मोठा भाग. पण कवी तिथं थांबत नाही. सुलतानाची बेगम खुंजा हुमायूँ हिच्या रूपाचंही तो भरभरून वर्णन करतो. चित्रकारानंही तिला सुलतानाच्या शेजारी बसवलं आहे. त्या काळच्या दरबारी चित्रांत राणी अशी उघडपणे राजाशेजारी दिसणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

आता गंमत बघा. या हस्तलिखितातल्या बहुतेक चित्रांत राणीची आकृती नंतर खरवडून, पुसून टाकलेली आहे. सुलतान जागच्या जागी आहे. दासी आहेत, नोकर आहेत. राणीच्या जागी मात्र डाग. ती नीट उरली आहे ती अशा एका चित्रात, जिथं ती सुलतानाच्या शेजारी बसलेलीच नाही. तिथं ती झाडाला स्पर्श करून उभी आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलतं, हा भारतीय शिल्पांतला जुना संकेत चित्रकारानं तिथं वापरला आहे.

हे कशानं झालं? लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेन निजामशाह वारला. मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून कारभार खुंजा हुमायूँनं हाती घेतला. सुमारे चार वर्षं तिनं राज्य चालवलं, नेमणुका केल्या, मोहिमा आखल्या. भावांना आणि नातलगांना मोठी पदं दिल्याचा ठपकाही तिच्यावर आला. असे ठपके पुरुष राज्यकर्त्यांवर येतच असतात. 1569 च्या सुमारास मुर्तजानं सरदारांच्या मदतीनं आईला कैद केलं. त्याच सुमारास तिच्या आकृती पुसल्या गेल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

मला यातून एक गोष्ट दिसते. कवीनं केलेली रूपाची तारीफ या बाईच्या काहीच कामी आली नाही. ती तारीफ खरं तर तिची नव्हतीच. राजाकडं हत्ती आहेत, घोडे आहेत, तोफा आहेत आणि अशी देखणी राणीही आहे, असा तो हिशेब होता. राजाच्या वैभवाच्या यादीतली ती एक बाब. यादीतली बाब जेव्हा स्वतः हुकूम द्यायला लागली, तेव्हा तिला यादीतून खोडलं गेलं. झाड फुलवणारी सुंदरी चालली, तख्ताशेजारी बसलेली बाई चालली नाही.

हिचीच लेक चाँदबीबी. विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम. 1580 मध्ये नवरा मारला गेल्यावर तिनं अल्पवयीन इब्राहीम आदिलशाहाच्या वतीनं तिथला कारभार पाहिला. पुढं ती माहेरी परतली. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद यानं अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगानं तट फुटला, तेव्हा चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन ती खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत परत उभी करून घेतली, असं तवारिखा सांगतात. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला आणि किल्ला वाचला. 1600 मध्ये, मोगलांशी संधान बांधल्याच्या संशयावरून, तिच्याच लोकांनी तिला ठार मारलं.

वेढ्याच्या वेळी तिचं वय पंचेचाळिशीच्या आसपास होतं. दोन राज्यांचा कारभार पाहून झालेली, वैधव्य भोगलेली, अनुभवी बाई. पण तिची जी चित्रं आज सगळीकडं छापली जातात, ती तिच्या मृत्यूनंतर खूप उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात काढलेली आहेत. त्यांत एक नाजूक तरुणी घोड्यावर बसून बहिरी ससाण्यासह शिकारीला निघालेली दिसते. चित्र मोहक आहे, यात शंका नाही. पण खिंडारापाशी उभी राहिलेली ती पोक्त बाई त्यात कुठं आहे? आईचा चेहरा खरवडून पुसला गेला, लेकीचा चेहरा सुंदर करून पुसला गेला.

तारीफ कशी कामाच्या आड येते, याचा आणखी एक दाखला झाशीचा आहे. 1854 मध्ये डलहौसीनं झाशी खालसा केली, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावलं. लँग सहानुभूतीचा माणूस होता. राणी पडद्याआड होत्या. लहान दामोदररावानं पडदा ओढला आणि लँगला त्यांची ओझरती झलक दिसली. पुढं आपल्या प्रवासवर्णनात त्यानं त्यांचे डोळे, नाक, रंग, अंगकाठी सगळ्याची नोंद केली, आणि आवाज मात्र आवडला नाही, तेही लिहिलं. त्याहून बोलकी आहे ती त्यानं राणींना ऐकवलेली स्तुती. गव्हर्नर जनरलना अशीच एक झलक दिसली असती तर त्यांनी झाशी लगेच परत केली असती, अशा अर्थाचं तो म्हणाला. हेतू वाईट नव्हता. पण राणींचा मुद्दा दत्तकाच्या हक्काचा होता, करारांचा होता. कायद्याच्या प्रश्नाला चेहऱ्याचं उत्तर मिळालं.

याच राणींबद्दल वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्येही लिहिलं आहे. त्यांचा पोशाख, दागिने, घोडेस्वारी, व्यायाम, सगळं त्यात आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी ओंजळीनं पाणी पिणारी, धुळीनं माखलेली राणीही त्यात आहे. दिसण्याचं वर्णन इथंही आहेच, पण ते वाचून बाई मोठी होते. तिचा दिवस कसा जात होता, तिच्यावर काय गुदरलं, हे त्या वर्णनातून कळतं. म्हणून मी म्हणतो, दिसण्याचा उल्लेख हाच दोष नाही.

उलट, रूपाचा उल्लेख नसला म्हणजे न्याय झाला, असंही नाही. रझिया सुलतानाचा समकालीन इतिहासकार मिनहाज सिराज तिच्या रूपाबद्दल बोलत नाही. तिचं शहाणपण, न्याय, उदारपणा, लष्करी नेतृत्व असे राजाला साजेसे सगळे गुण तो मोजतो. आणि मग खेदानं विचारतो की ती पुरुष नव्हती, तेव्हा या गुणांचा काय उपयोग! रूपाचं एक अक्षर नाही, तरी बाईपणाचा शिक्का बसलाच.

याउलट जहांगीरचं उदाहरण घ्या. नूरजहाँच्या सौंदर्याच्या आणि मीनाबाजारातल्या पहिल्या नजरेच्या कहाण्या नंतरच्या लोकांनी रंगवल्या. खुद्द जहांगीर आपल्या आत्मचरित्रात कौतुकानं लिहितो ते तिच्या नेमबाजीचं. हौद्यातून झाडलेल्या सहा गोळ्यांत चार वाघ! प्रेमात आकंठ बुडालेल्या नवऱ्याला जे दिसलं, ते आपल्या वक्त्यांना दिसत नाही.

कुणी म्हणेल, पुरुषांच्या रूपाचंही वर्णन होतंच की. होतं. 1664 मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलियट शिवाजी महाराजांच्या बांध्याचं आणि भेदक डोळ्यांचं वर्णन करतो. आपल्याकडं शमाइलच्या ग्रंथांत पैगंबरांच्या (स.) चालण्या-बोलण्याचं, चेहऱ्याचं तपशीलवार वर्णन आहे, आणि ते प्रेमानं वाचलं जातं. पण तिथं रूप हे माणसापर्यंत पोचण्याची वाट असतं. ते माणसाऐवजी उभं केलेलं नसतं.

ही जुन्या काळाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेखिका कॉलीन मॅकलो वारल्या. 'द थॉर्न बर्ड्स'सारखी जगभर खपलेली कादंबरी त्यांच्या नावावर, आणि त्याआधी येल विद्यापीठात मेंदूविज्ञानाचं काम. तिथल्या एका मोठ्या वृत्तपत्रानं मृत्युलेखाच्या सुरुवातीलाच त्या दिसायला साधारण आणि जाड असल्याचं सांगितलं, आणि तरीही त्या विनोदी आणि प्रेमळ होत्या, असं पुढं जोडलं. जगभरातून टीका झाली. बाईच्या रूपाला मार्क द्यायची सवय एकदा लागली की कुणाला पैकीच्या पैकी मिळतात, कुणी नापास होते. देखणी म्हणणारा आणि कुरूप म्हणणारा, दोघं एकाच तागडीनं तोलत असतात.

तेव्हा भाषण लिहिणाऱ्यांसाठी माझ्यापुरत्या तीन कसोट्या. हेच वाक्य याच जागी पुरुषाबद्दल लिहिलं असतं का? ते काढून टाकलं तर त्या बाईच्या कामाबद्दलचं काही कमी होतं का? आणि तिच्या कामाला जितक्या ओळी दिल्या, त्या खरंच पुरेशा आहेत का? अभिनेत्रीवर बोलताना चेहऱ्याचा उल्लेख येईल, तो तिच्या कलेचा भाग आहे. तटाच्या खिंडारात उभ्या राहिलेल्या बाईवर बोलताना आधी तट, सुरुंग आणि तह सांगावा. ते नीट सांगितलं तर बहुतेक वेळा भाषणाची पाच मिनिटं तिथंच संपतात.