अबादानचे तेलकामगार

इराणच्या तेलाचा विषय निघाला की डॉ. मोहम्मद मुसद्दिक यांचे नाव प्रथम येते, आणि ते रास्तच आहे. 1951 साली तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले, मुसद्दिक पंतप्रधान झाले आणि 1953 साली ब्रिटन-अमेरिकेच्या कारस्थानाने त्यांची सत्ता उलथवली गेली. ही हकीकत आपल्याला ठाऊक असते. पण अबादानच्या भट्ट्यांपुढे उभे राहून तेल शुद्ध करणाऱ्या कामगारांची लढाई त्याच्या तीस वर्षे आधीच सुरू झाली होती, आणि ती सुरू करणाऱ्यांत आपल्या देशातून गेलेली माणसे होती.

1901 साली इराणच्या शहाने विल्यम डार्सी या इंग्रजाला साठ वर्षांसाठी तेलाचा मक्ता दिला. इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्याचे अवघे 16 टक्के आले. 1908 मध्ये मस्जिदे-सुलेमान येथे तेल लागले, 1909 मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली आणि 1912 मध्ये अबादानचा कारखाना सुरू झाला. 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने या कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा विकत घेतला, कारण आरमाराला आता कोळशाऐवजी तेल हवे होते. कामाची विभागणी वंशावर ठरली. वर इंग्रज साहेब. मध्ये मुंबई, कराची, रंगूनकडून करारावर नेलेले हिंदी फिटर, कारागीर आणि कारकून. आणि तळाशी इराणी व अरब मजूर. रंगूनकडून आलेल्या मुसलमान कामगारांनी तिथे बांधलेली ‘रंगूनींची मशीद’ आजही नदीकाठी उभी आहे. तिचे आता संग्रहालय झाले आहे.

डिसेंबर 1920 मध्ये सुमारे तीन हजार हिंदी कामगारांनी संप पुकारला. वाढीव पगार, कामाचे तास कमी, जादा कामाचे जादा पैसे, स्वच्छतेची सोय आणि वरिष्ठांच्या मारझोडीला आळा, या त्यांच्या मागण्या होत्या. दुसऱ्या दिवशी इराणी कामगार त्यांना येऊन मिळाले. कंपनीला पगारात मोठी वाढ द्यावी लागली. ज्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी पगाराच्या पायऱ्या रचल्या होत्या, तेच एकत्र आले. कंपनीने त्याचा धडा घेतला. 1922 मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा तो मोडून काढण्यात आला आणि हिंदी कामगारांना मोठ्या संख्येने जहाजात बसवून मायदेशी पाठवण्यात आले. माणसे परत आली, पण संपाची रीत तिथेच राहिली.

पुढे अबादान जगातल्या सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी एक झाले. साहेबांच्या वस्तीत बंगले, हिरवळी आणि पोहण्याचे तलाव होते. मजुरांच्या एका वस्तीचे नाव होते ‘कागजाबाद’, म्हणजे कागदाचे गाव. तिथे ना नळाचे पाणी, ना वीज. जगाला ऊर्जा पुरवणाऱ्या हातांच्या घरात दिवा नव्हता.

जुलै 1946 मध्ये खुजिस्तानात सुमारे 65 हजार कामगार संपावर गेले. एक मोठा वाद होता शुक्रवारच्या पगाराचा. त्याच वर्षीच्या नव्या कामगार कायद्याने साप्ताहिक सुट्टीचा पगार मान्य केला होता. कंपनी तो देत नव्हती. जुम्म्याचा दिवस सुट्टीचा खरा, पण त्या दिवशीही मुलांना भाकरी लागतेच, इतका हा साधा हिशेब होता. डाव्या तुदेह पक्षाच्या संघटनेने संपाचे नेतृत्व केले. संपवाले आणि अरब टोळ्यांची माणसे यांच्यात दंगल उसळली, माणसे मेली. तीन दिवसांनी संप मिटला आणि शुक्रवारच्या पगाराची मागणी मान्य झाली. तरीही ब्रिटनने शेजारी बसऱ्याला हिंदी फौज आणून ठेवली. 1920 साली जिथे हिंदी कामगार इराण्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तिथेच आता हिंदी शिपाई त्यांच्यावर दबाव आणण्यासाठी उभा केला गेला.

1951 चे राष्ट्रीयीकरण या सगळ्या पायावर उभे होते. कंपनीकडून ब्रिटिश सरकारला जाणारा कर इराणच्या वाट्यापेक्षा जास्त होता, हा अन्याय संसदेला दिसला. कागजाबादने तो आधीच भोगला होता. अबादान ठप्प झाल्याची झळ तिथले तेल घेणाऱ्या भारतालाही लागली. पुढे 1954-55 मध्ये आपल्या तुर्भ्याला परदेशी कंपन्यांचे दोन कारखाने उभे राहिले. इराणमध्ये मात्र 1954 साली विदेशी कंपन्यांचा संघ परतला.

1978 च्या शेवटी याच तेलकामगारांनी संप केला आणि शहाची तिजोरी आटली. क्रांती त्यांच्यावाचून इतक्या लवकर यशस्वी झाली नसती. पण क्रांतीनंतर त्यांनी कारखान्यांत स्थापलेल्या ‘शूरा’, म्हणजे कामगार समित्या, काही वर्षांतच मोडल्या गेल्या. 1983 मध्ये तुदेह पक्षावरही बंदी आली. जून 2021 मध्ये इराणच्या तेल उद्योगातील कंत्राटी कामगार पुन्हा संपावर गेले. मागण्या काय होत्या? पुरेसा पगार, वीस दिवस कामानंतर दहा दिवस सुट्टी, आणि मधल्या कंत्राटदाराचे उच्चाटन.

या शंभर वर्षांत मक्तेदार गेला, शहा गेला, झेंडा बदलला. तेल परक्यांच्या हातून सुटणे आवश्यकच होते. त्यासाठी दिलेली किंमत वाया गेली असे कुणी म्हणू नये. पण मालकी देशाची झाली म्हणून कामगार आपोआप हक्कदार होत नाही. परकी कंपनी त्याला ‘कुली’ म्हणून गप्प करते, आपले सरकार ‘देशद्रोही’ म्हणून. मुसलमान देशांच्या तेलसंपत्तीचा अभिमान बाळगताना आपण हा प्रश्नही विचारला पाहिजे की त्या तेलाला हात लावणाऱ्याला संघटना करता येते का. आखातात आपल्या कोकणातली, मराठवाड्यातली मुले राबत आहेत, तोवर हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही.