मालक, गिऱ्हाईक आणि मधला माणूस

घर स्वतः विकावे की दलालामार्फत, हा प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा बराच अलीकडचा आहे. पेशवाईतली खरेदीखते उघडली तर विकणारा आणि घेणारा समोरासमोर भेटतात, पण त्यांच्याभोवती अख्खे गाव बसलेले असते. वतन किंवा घरठाण विकायचे तर भाऊबंदांची संमती घ्यावी लागे, चारही बाजूंच्या सीमा लिहाव्या लागत, आणि कागदाखाली गोताची साक्ष पडे: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्यांसह. घर कोणाचे, त्यावर कोणाचे देणे आहे, वाटणी झाली की नाही, हे चावडीवर सर्वांना ठाऊक असे. अशा ठिकाणी गिऱ्हाईक हुडकून आणणाऱ्या तिसऱ्या माणसाला काम ते काय उरणार? पुण्याचा विस्तार झाला तशी स्थावराच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे हे कोतवालाचे एक काम ठरले. शेजारी शेजाऱ्याला ओळखेलच याची खात्री आता राहिली नव्हती.

मुंबईत मात्र दलाल घरांच्या आधी कापसात आणि समभागांत मोठा झाला. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरातले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद, हे दलालच. बॅकबेच्या भरणीसाठी निघालेल्या कंपनीचे समभाग लोकांनी चढ्या भावाने घेतले. जमीन अजून समुद्राखालीच होती. 1865 मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. नकाशावरची सदनिका बुक करणाऱ्याने हे प्रकरण एकदा सवडीने वाचावे. याच धामधुमीत, 1864 साली, दस्तनोंदणीचा कायदा आला. पुढे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा 1893 पासून मुंबई इलाख्याला लागू झाला आणि शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवाचून होईना. गोताच्या जागी दुय्यम निबंधक आला. दस्त करून देणाऱ्याला ओळखणारी माणसे मात्र आजही अनेकदा त्याच्यापुढे उभी करावी लागतात, आणि ते ओळखदार पुष्कळदा दलालच घेऊन येतो.

घरांच्या दलालाला खरे बळ दिले ते भाडेनियंत्रणाने, असे माझे मत आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी साधारण 1940 च्या पातळीवर गोठवली. खोलीचे बाजारातले मोल वाढतच राहिले, आणि मधला फरक पागडीच्या रूपाने रोख हातोहात फिरू लागला. पागडी घेणे गुन्हा होता. तेव्हा जाहिरात कोण देणार? गिरगावात, परळला किंवा लालबागला कोणती खोली रिकामी होते आहे, घरमालक किती मागेल, हे माहीत असणारा माणूस हाच त्या बाजाराचा फलक होता. 1999 च्या नव्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, पण तोवर या माणसाची गादी पक्की झाली होती. दरम्यान मालकीच्या घरांची वाटही रुंदावत होती. गावदेवीत 1915 साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, 1963 मध्ये सदनिकांच्या मालकीचा मोफा कायदा आला, आणि चाळीतला भाडेकरू सदनिकेचा धनी झाला. पुढे कधीतरी तोच विकणाराही होणार होता.

2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याने दलालाला प्रथमच नोंदणी क्रमांक घ्यायला लावला. 2023 पासून महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने त्याला प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ही नोंदणीची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरती आहे. वीस वर्षे जुन्या इमारतीतली सदनिका विकून देणारा बहुधा तिच्या कक्षेबाहेरच राहतो, आणि स्वतः विकू की दलाल गाठू हा पेच पडतो तो नेमका अशाच घराबाबत. इथे मालकाजवळ आज साधने पुष्कळ आहेत. नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे सूची क्रमांक दोन, ऑनलाइन पाहता येतो, आसपासच्या घरांचे नोंदलेले भाव समजतात, संकेतस्थळावर फोटो टाकता येतात. वाचणारी दलाली एक-दोन टक्के. ऐंशी लाखांच्या घरावर ती ऐंशी हजार ते एक लाख साठ हजार होते. बदल्यात सोसायटीचे ना हरकत पत्र, बँकेकडे गहाण असलेले मूळ दस्त सोडवणे, गिऱ्हाइकाच्या कर्जाची वाट पाहणे आणि भावात घासाघीस करणे, हे सारे मालकाच्याच गळ्यात पडते. ज्याला सवड आहे आणि ज्याचे कागद निर्मळ आहेत त्याने ते जरूर करावे. वारसांचा घोळ असेल तर आधी वकील गाठावा, दलाल नंतर. ‘दलालांनी फोन करू नये’ अशी ठळक ओळ टाकून जाहिरात दिली तरी पहिले चार-दोन फोन दलालांचेच येतात, आणि त्यातला एखादा खरोखरच गिऱ्हाईक घेऊन येतो.